ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असताना सोबतीण कशी शोधायची, तिला काय विचारायचं आणि काय नाही

रिपोर्ट आला की पहिल्या आठवड्यात दोन प्रकारची माणसं भेटतात, एक ज्यांना काय बोलावं ते सुचत नाही आणि दुसरी जी थांबतच नाहीत. कुणाच्या मावशीचं काय झालं, कुणाच्या शेजारणीने काय घेतलं, सगळं ऐकून घ्यावं लागतं. आणि जिच्याशी खरंच बोलायला हवं, म्हणजे जी वर्षभरापूर्वी याच सगळ्यातून गेलीय आणि आता पुन्हा कामाला लागलीय, ती काही आपणहून दारात येत नाही. तिला शोधावं लागतं.

मी ही ट्रीटमेंट घेतलीय आणि आता नव्या पेशंट्सशी बोलायला जाते, त्यामुळे दोन्ही बाजू माहितीयत. एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. दिवस कसे काढायचे हे सोबतीणीला विचारायचं. कोणतं औषध, किती, आणि माझं पुढे काय होणार हे डॉक्टरला विचारायचं. या दोन्हीची सरमिसळ झाली की चांगली सोबतसुद्धा डोक्याला ताप होते.

आधी स्वतःचं चार ओळीत लिहून घ्या

ब्रेस्ट कॅन्सर हा एकच आजार नाहीये, हे बऱ्याच जणींना तिसऱ्या चौथ्या व्हिजिटला कळतं. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (म्हणजे गाठ हॉर्मोनवर वाढते का ते) आणि हर-२ (पेशींवरचं एक प्रथिन) असं लिहिलेलं असतं ते बघा. हॉर्मोन पॉझिटिव्ह असेल तर बाकीची ट्रीटमेंट संपल्यावर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी ५ ते १० वर्षं चालते. हर-२ पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन, सहसा वर्षभर. तिन्ही निगेटिव्ह असलं की त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, तिथे हॉर्मोनच्या गोळीचा उपयोग नसतो आणि केमोवर भर जास्त असतो. याच्या जोडीला स्टेज, नुसती गाठ काढायचीय की पूर्ण स्तन, केमो ऑपरेशनच्या आधी की नंतर, रेडिएशन आहे का. हे सगळं माहीत नसेल तर नर्सला सरळ सांगा की मला सोप्या भाषेत लिहून द्या, लाजायचं कारणच नाही.

याचा उपयोग असा की उद्या कुणी म्हणालं "अगं मला तर केमो लागलीच नाही, तुला कशाला देतायत?" तर तुमचे हातपाय गळणार नाहीत, तिचा प्रकार वेगळा होता एवढंच. आणि शोधताना पण सोपं जातं, कारण ट्रिपल निगेटिव्हवालीला गोळीच्या पाचव्या वर्षातल्या बाईशी बोलून फारसं काही मिळत नाही, बरं वाटतं फक्त.

कुठे सापडते ही

हॉस्पिटलमधल्या सोशल वर्कर आणि काउन्सेलरला विचारा, पण माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती असते ती केमो डेकेअरच्या, म्हणजे केमो घेऊन त्याच दिवशी घरी जातात त्या विभागाच्या नर्सला. कोण बोलकी आहे, कोण रडवेल, कोणाची मुलं लहान आहेत, तिला सगळं माहीत असतं. तिला असं सांगायचं की साधारण माझ्या वयाची, हीच ट्रीटमेंट पूर्ण झालेली कुणी बोलायला तयार असेल तर माझा नंबर तिला द्या. तिचा नंबर मागायचा नाही, आपला द्यायचा. पेशंटची माहिती नर्स अशी कुणालाही देऊ शकत नाही आणि देऊही नये, पण निरोप पोचवायला सहसा नाही म्हणत नाहीत.

रेडिएशनची वेटिंग रूम ही तर तयार जागा आहे. आठवड्यातले पाच दिवस, बऱ्याच जणींना ३ ते ५ आठवडे, रोज साधारण त्याच वेळेला जायचं म्हणजे रोज तेच चेहरे. पहिले दोन दिवस सगळ्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं "तुमची किती राहिली?" आणि मग गाडी सुरू होते. केमोच्या खुर्चीत हे तितकंसं जमत नाही, तिथे निम्म्या जणी औषधाने झोपलेल्या असतात.

काही संस्थांचे रीतसर कार्यक्रम असतात, तिथे आधीच्या पेशंटना ट्रेनिंग देऊन नव्यांची गाठ घालून देतात. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत टेरीस लॅसर नावाच्या बाईचं १९५२ मध्ये स्तन काढण्याचं ऑपरेशन झालं, आणि पुढे हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचं हे सांगणारं कुणीच नाही म्हणून तिने स्वतःच दुसऱ्या पेशंटना जाऊन भेटायला सुरुवात केली. तेव्हाच्या काही डॉक्टरांना हे अजिबात आवडलं नव्हतं. पण त्यातूनच रीच टू रिकव्हरी हा कार्यक्रम उभा राहिला, १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो आपल्याकडे घेतला, आणि आता तसे गट बऱ्याच देशांत आहेत.

सोबतीण किती पुढे असावी? मला विचाराल तर सहा महिने ते दोन वर्षं. त्याहून जुनी असेल तर बारीकसारीक गोष्टी विसरलेली असते, औषधंही बदललेली असतात. आणि अगदी तुमच्याच सायकलला (केमोच्या फेरीला) असलेली मैत्रीण जीव लावते हे खरं, पण पोहायला न येणाऱ्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्यासारखं होऊ शकतं. तिच्याशी मैत्री करा, पण एक तरी काठावर पोचलेली असू द्या.

पहिला मेसेज

मोठा लिहायचा नाही. फोटो, रिपोर्ट काही पाठवायचं नाही. असं काहीतरी चालतं:

"नमस्कार ताई, तुम्ही हो म्हणालात आणि तुमचा नंबर मला द्यायला सांगितलात असं डेकेअरमधून कळलं. मला हर-२ पॉझिटिव्ह आहे, पुढच्या सोमवारी पहिली केमो आहे. तुमच्या सोयीने पंधरा मिनिटं बोलता येईल का? मला फक्त पहिला आठवडा कसा जातो ते विचारायचंय. आत्ता जमणार नसेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही."

यात शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. तिलाही तिचे स्कॅन असतात, तिचेही वाईट दिवस असतात, आणि नाही म्हणायची सोय ठेवली की माणूस मोकळेपणाने हो म्हणतो. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा विचारा, मग सोडून द्या आणि दुसरी शोधा.

काय विचारायचं

इथे कंजुषी करू नका. डॉक्टरकडे दहा मिनिटं असतात आणि त्यात तुम्ही "रात्री झोपायचं कसं" हे विचारत नाही, पण ऑपरेशननंतर पहिला प्रश्न तोच असतो. अंगाला ड्रेन लावलेला असतो, म्हणजे एक नळी आणि तिच्या टोकाला छोटी बाटली किंवा पिशवी, ती कुठे अडकवायची? मला हे सांगणारी जी भेटली तिने तिचा जुना पुढून बटणांचा शर्ट आणून दाखवला, आतून कंबरेशी दोन कापडी खिसे शिवलेले, एकेका खिशात एकेक बाटली, नळी शर्टाच्या आतून, बाहेरून काही दिसत नाही आणि कुशीवर वळताना ओढ बसत नाही. दोन मिनिटांचं काम होतं पण कुठल्या माहितीपत्रकात मी ते वाचलं नव्हतं. तसंच काखेखाली छोटी मऊ उशी, गाडीत सीटबेल्टच्या खाली पण तीच उशी, डोक्यावरून घालायचे कपडे काही आठवडे बंद, आणि हात वर जात नसताना केस दुसऱ्या कुणाकडून धुवून घ्यायचे.

हाताचे व्यायाम मात्र तिने करून दाखवले म्हणून लगेच करू नका, फिजिओने तुमच्या ऑपरेशनप्रमाणे सांगितलेलेच करायचे. तिला हे विचारा की दुखत असताना ती रोज कशी करायची, कंटाळा आला तर काय करायची.

केमोत विचारायचे प्रश्न वेगळे. केस साधारण पहिल्या केमोनंतर दोन ते तीन आठवड्यांनी गळायला लागतात (सगळ्या औषधांनी गळत नाहीत, ते आधी डॉक्टरला विचारून घ्या), मग तिने आधीच बारीक कापले की वाट बघितली, घरातल्या लहान मुलांना काय सांगितलं, विग घेतला तर कधी घेतला, की नुसता स्कार्फ. केस गळायच्या आधीच डोक्याची त्वचा दुखरी होते, उशी टोचते, हे कुणी सांगितलेलं असलं तर घाबरायला होत नाही. तोंडाला धातूची चव येते तेव्हा स्टीलचा चमचा सोडून प्लास्टिकचा वापरून बघा असं एकीने सांगितलं होतं, काहींना फरक पडतो काहींना नाही. कोणत्या दिवशी अंगात त्राण नसतं, कोणत्या दिवशी बाहेर पडता येतं, याची तिची स्वतःची नोंद असेल तर ती नुसती वाचायला मागा. तुमचं तसंच होईल असं नाही, पण वाईट दिवस संपतो हे कुणाच्या तरी अक्षरात लिहिलेलं बघितलं की जीव थोडा भांड्यात पडतो.

आणि जे डॉक्टरसमोर तोंडातून निघत नाही ते. पाळी अचानक बंद होते, रात्री घामाने कपडे ओले होतात, योनीमार्ग कोरडा पडतो, जवळीक नकोशी वाटते, आरशात बघवत नाही. हे सोबतीणीशी बोला, तिला नवल वाटणार नाही. फक्त बोलून तिथेच सोडू नका, बऱ्याचदा त्यावर उपाय असतात पण ते तुमच्या कॅन्सरच्या प्रकाराप्रमाणे ठरतात, विशेषतः हॉर्मोन असलेली क्रीम वगैरे डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच. चांगली सोबतीण तुम्हाला ते वाक्य डॉक्टरसमोर कसं म्हणायचं याची प्रॅक्टिस करून देते. मुलं हवी असतील तर बीजांडं किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याचं केमोच्या आधी विचारायचं असतं, तेव्हा हा विषय पहिल्याच फोनवर काढा.

काय विचारायचं नाही

ताप. केमो चालू असताना ३८ डिग्री सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप गेला तर ग्रुपवर "कुणाला असं झालं होतं का" हे टाकायचंच नाही, हॉस्पिटलने दिलेल्या नंबरवर फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात आणि तेव्हाचं इन्फेक्शन काही तासांत जिवावर बेतू शकतं. ग्रुपवर पाच जणी प्रेमाने पाच उत्तरं देतील, आणि त्यातली एक म्हणेल की मला पण आला होता, गोळी घेऊन उतरला. त्या उत्तरांची वाट बघण्यात वेळ घालवायचा नाही. श्वास लागणं, छातीत दुखणं, हात अचानक लाल गरम होऊन सुजणं, यालाही हेच.

गोळ्यांचं पण तसंच. एकीला टॅमॉक्सिफेनने गरमीचे झटके आले आणि तिला कुठलीशी गोळी देऊन ते थांबले, म्हणून तिच्या पट्टीतल्या दोन तुम्ही घ्यायच्या नाहीत. या झटक्यांवर कधीकधी डिप्रेशनची औषधं देतात, पण त्यातली पॅरोक्सेटिनसारखी काही शरीरात टॅमॉक्सिफेनचं काम करणारं रूप तयार होऊ देत नाहीत, बाहेरून काही कळतच नाही. "नॅचरल आहे, त्याने काय होतंय" हे वाक्य ऐकलं की तर दुप्पट सावध, तो विषय डॉक्टरकडे न्यायचा.

तिसरं म्हणजे आकडे. तुझा ट्यूमर मार्कर (रक्तातल्या कॅन्सरच्या खुणेचा आकडा) किती, तुझ्या काखेतल्या किती लसिका गाठींत कॅन्सर सापडला, तुला डॉक्टरने किती टक्के सांगितलं. हे विचारून आजवर कुणाची झोप सुधारलेली मी बघितली नाही.

ग्रुपमध्ये जायचं असेल तर

एक सोबतीण पुरे असेल तर ग्रुपची गरजच नाही, हे आधी मान्य करा. ग्रुपमध्ये जायचंच असेल तर आधी काही दिवस नुसतं बघा. कुणीतरी प्रशिक्षित माणूस, नर्स किंवा काउन्सेलर, अधूनमधून लक्ष घालतो का? चमत्काराची औषधं विकणारे मेसेज उडवले जातात का? एखादीने "आज मला मरावंसं वाटतंय" लिहिलं तर नुसते हात जोडलेले इमोजी येतात की कुणीतरी तिला फोन करतं? या शेवटच्यावरून ग्रुप कळतो. नोटिफिकेशन पहिल्या दिवसापासून म्यूट, आणि रात्री नऊनंतर उघडायचाच नाही, कारण वाईट बातम्या नेमक्या तेव्हाच वाचल्या जातात.

आणि "पॉझिटिव्ह राहा" हा मारा जिथे सतत असतो तिथून मी तरी लांब राहते. त्यामागचा इतिहास सांगण्यासारखा आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं की पसरलेला ब्रेस्ट कॅन्सर असलेल्या ८६ बायकांपैकी ज्या सपोर्ट ग्रुपमध्ये गेल्या त्या सरासरीने जवळपास दुप्पट काळ जगल्या. साहजिकच सगळीकडे गाजलं, मन खंबीर तर कॅन्सर हरतो वगैरे सुरू झालं. मग २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर तसाच मोठा अभ्यास झाला तेव्हा आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, आणि २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांच्याच नव्या अभ्यासातही एकूणात वाढ दिसली नाही. पण २००१ च्या अभ्यासात हे दिसलं की ग्रुपमधल्या बायकांचं मन जास्त ठीक होतं आणि वेदना कमी जाणवत होत्या, त्यातही ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांना जास्त फायदा. मला ही बातमी उलट सुटकेची वाटते. ग्रुपला गेला नाहीत, रडलात, चिडलात, म्हणून आजार वाढत नाही. जायचं ते दिवस सुसह्य व्हावेत म्हणून.

सगळ्यांना ग्रुप मानवतो असंही नाही. व्हिकी हेल्गेसन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं होतं की ज्यांना घरून, जोडीदाराकडून आधार कमी होता त्यांना एकमेकींशी बोलण्याच्या ग्रुपचा फायदा झाला, आणि ज्यांना घरी भरपूर आधार होता त्यांना झाला नाही, काहींना तर तोटाच. त्यामुळे दोन-तीन वेळा जाऊन घरी आल्यावर जास्त घाबरायला होत असेल तर सोडा, कुणालाही कारण द्यायची गरज नाही. "तब्येतीमुळे थोडे दिवस बाहेर पडतेय" एवढं लिहिलं की झालं.

स्टेज चारच्या, म्हणजे कॅन्सर शरीरात दुसरीकडे पसरलेल्या बायकांबद्दल वेगळं बोलायला हवं. मिक्स ग्रुपमध्ये त्या हळूहळू गप्प होतात, कारण त्यांनी काही लिहिलं की बाकीच्यांच्या काळजात धस्स होतं आणि ते त्यांनाही कळतं. त्यांची ट्रीटमेंट संपत नाही, "शेवटची केमो" म्हणून फोटो काढायचा दिवस त्यांना नसतो. तुम्ही त्यात असाल तर स्टेज चारचाच ग्रुप किंवा तशीच सोबतीण शोधा. नसाल, तर मिक्स ग्रुपमध्ये तुमच्या शेवटच्या केमोचा आनंद जरूर सांगा, पण "आपण सगळ्या जिंकणारच" असं लिहू नका. पुरुषांनाही ब्रेस्ट कॅन्सर होतो, एकूण पेशंटच्या अर्धा ते एक टक्का, त्यांना तर बायकांच्या ग्रुपमध्ये शिरायचीच चोरी, त्यांनी नर्सला सांगून एक-एक असंच कुणीतरी शोधलेलं बरं.

ग्रुपमधलं कुणी गेलं तर काय? आधीच ठरवून ठेवा की ही बातमी कुणाकडून ऐकायची, म्हणजे अचानक मेसेजमध्ये वाचावं लागत नाही. आणि त्या आठवड्यात तुमची केमो असेल तर नर्सला सांगा, ती शेजारी येऊन बसेल किंवा काउन्सेलरला बोलावेल.

ट्रीटमेंट संपल्यावर

सगळ्यांना वाटतं आता झालं, घरचे कामाला लागतात, फोन कमी होतात, आणि नेमकं तेव्हाच मन ढासळतं. दर मॅमोग्रामच्या आधीचे दिवस, प्रत्येक पाठदुखीत तीच शंका, गोळीने सांधे धरलेले, शब्द आठवत नाहीत, आणि वर लोक म्हणतात "आता तर छान दिसतेस". सोबतीणीला सोडू नका, महिन्याला एक फोन तरी ठेवा. काखेतल्या लसिका गाठी काढल्या असतील तर हाताची सूज वर्षांनंतरही येऊ शकते, तेव्हा ते विचारायला पण कुणीतरी लागतं (आणि सूज दिसली की डॉक्टरला दाखवायचं, अर्थातच).

स्वतः कुणाची सोबतीण व्हायचं असेल तर घाई नको. स्वतःची गोष्ट सांगताना अजून आवाज कापत असेल तर थांबा. पहिल्या फोनवर तिला बोलू द्या, "मला माहितीये तुला कसं वाटतंय" म्हणू नका, तुमचं किती सांगू ते तिलाच विचारा. तिचं नाव, तिचा रिपोर्ट घरीसुद्धा सांगायचा नाही. आणि कोणत्या वेळेला फोन घेणार ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर महिन्याभरात तुम्हीच तिचे फोन टाळायला लागाल. मला एखादीचं फारच जड जायला लागलं की मी तिला काउन्सेलरचा नंबर देते आणि स्पष्ट सांगते की हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

राहता राहिले घरचे. नवरा, मुलगी, बहीण, जे कोणी रोज हॉस्पिटलला येतात त्यांचीही झोप उडालेली असते आणि ते तुमच्यासमोर बोलत नाहीत. त्यांनाही त्यांच्यासारखं कुणीतरी शोधून द्या, त्याच सोशल वर्करला विचारलं तरी चालतं. फक्त त्यांना तुमच्या ग्रुपमध्ये अ‍ॅड करू नका, एक जरी नवरा आला तरी बायका कोरडेपणाबद्दल बोलायच्या थांबतात आणि मग नुसते गुड मॉर्निंग सुरू होतात.